बोन्सायची कींव

भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानांत, म्हणजे जुन्या लोकांच्या राणीच्या बागेंत, हिवाळ्याच्या सुमारास महापालिकेचें पुष्पप्रदर्शन भरतें. तेथें बोन्सायपुढें उभें राहिलें कीं एक उद्गार हटकून कानीं पडतो : 'अरेरे, काय हा बिचाऱ्या झाडाचा छळ!' असें म्हणणारीं माणसें सुशिक्षित असतात, आणि स्वतःच्या कोमल अंतःकरणावर बहुधा खूषही असतात. त्यांच्या या दयेवरच माझा आक्षेप आहे.

बोन्साय म्हणजे उपाशी ठेवलेलें झाड नव्हे. दर दोन-तीन वर्षांनीं त्यास कुंडींतून काढतात, मुळांचा वाढलेला गुंता छाटतात आणि पाणी तुंबूं न देणारी नवी माती घालतात. छाटलेल्या जागीं कोंवळीं मुळें फुटतात व तींच झाडास पोसतात. फांदीस गुंडाळलेली तार सालींत रुतण्यापूर्वीं सोडावी लागते. उन्हाळ्यांत पाण्याची एक खेप चुकली तरी झाड हातचें जाण्याचा संभव. हिरोशिमाच्या यामाकी घराण्यानें सांभाळलेला एक पाइन वृक्ष १६२५ पासून कुंडींत वाढत आला आहे. १९४५ च्या अणुबाँबमधूनही तो वांचला. १९७६ सालीं तो अमेरिकेस भेट दिला गेला, आणि आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानांत आहे. चारशें वर्षांच्या शुश्रूषेस छळ म्हणावयाचें असेल, तर तसला छळ आमच्या झाडांच्या वांट्यास खुशाल यावा!

इकेबानाची गोष्टही तीच. बुद्धापुढें फुलें वाहण्याच्या विधींतून निघालेली ही कला तीन डहाळ्या आणि थोडी रिकामी जागा एवढ्यावर भागवते; आमच्या प्रेक्षकास त्यांत दारिद्र्य दिसतें. सभेंत पाहुण्यास घातलेला मणभर हार भाषण संपण्यापूर्वींच खुर्चीखालीं जातो, त्यांत मात्र त्यास वैभव वाटतें.

हीच दयाळू मंडळी संध्याकाळच्या गाडीनें आमच्या कांजूरमार्गास परततात. स्थानकापासून घरापर्यंत पदपथावरच्या झाडांच्या बुंध्यांस फरशी थेट भिडलेली असते; मुळांस थेंबभर पाणी उतरण्यास वाव नाहीं. खोडांत पाट्यांचे खिळे, फांद्यांवर रोषणाईच्या तारा, आणि त्या तारा रुतण्यापूर्वीं सोडणारें कोणी नाहीं. चर खणतांना मुळें तोडलीं जातात, आणि पावसाळ्यांत झाड मोटारीवर कोसळलें म्हणजे आम्हीच म्हणतों, 'झाड धोकादायकच होतें.' झाडाभोंवतीं एक मीटर जागा मोकळी ठेवावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादानें २०१३ सालीं दिल्लीसाठीं दिला होता. एक मीटर! बोन्सायवाला आपल्या वीतभर झाडास त्याच्या मानानें याहून अधिक देतो.

सरकारी खात्यांची कथा वेगळी नाहीं. ज्या वृक्ष प्राधिकरणाचा या प्रदर्शनांत हात असतो, त्यानेंच ऑगस्ट २०१९ मध्यें मेट्रोच्या कारशेडसाठीं आरेंतील झाडें तोडण्यास संमति दिली; ऑक्टोबरांत २,१४१ झाडें पडलीं. पुढें तें कारशेड कांजूरमार्गास आणण्याचें ठरलें, तेव्हां आमच्याकडे मुख्य वाद माजला तो जमीन केंद्राची कीं राज्याची याचा.

ज्यांस कुंडींतल्या झाडाची कींव येते त्यांनीं आपल्या दाराबाहेरच्या झाडाभोंवतालची फरशी हातभर उखडून घ्यावी. त्यासाठीं एस विभागाच्या कार्यालयाकडे अर्ज करावा लागेल; मजकूर मी लिहून देण्यास तयार आहें.