एकट्याचा विक्रम, अनेकांचा दर्जा

ऑगस्ट 2025 मध्ये सौदी अरेबियातल्या जेद्दाला स्नूकरपटू रॉनी ओसलिव्हनने एकाच सामन्यात दोनदा 147 चा ब्रेक, म्हणजे एकाच खेपेत सलग 147 गुण, केला. पंधरा लाल, दर लालनंतर काळा, शेवटी सहाही रंग, आणि मध्ये एकही चूक नाही, असा हा स्नूकरचा पूर्ण डाव. तोही वयाच्या 49 व्या वर्षी! लागलीच ठरलेला सूर निघाला : जुने ते सोने, नव्या पोरांत दम नाही. खुद्द रॉनी 2020 मध्ये हेच बोलला होता. आपल्याला पहिल्या पन्नासांतून बाहेर काढायचे, तर आधी आपला एक हात आणि एक पाय जायला हवा, असा त्याचा दावा होता. बोलण्यात ऐट आहे, पण हिशेब चुकलेला आहे. जेद्दाच्या त्याच स्पर्धेचा अंतिम सामना रॉनी हरला, हे सूर लावणारे सोयीस्करपणे विसरतात. दोन पूर्ण डाव खेळूनही करंडक नील रॉबर्टसनने नेला.

दर्जा वाढला हे दाखवायला दुसरी बाजू शतके, म्हणजे शंभर किंवा अधिक गुणांचे ब्रेक, मोजते. 1985 च्या जागतिक अंतिम सामन्यात डेनिस टेलरने स्टीव्ह डेव्हिसला पस्तिसाव्या फ्रेममध्ये, अगदी शेवटच्या काळ्या चेंडूवर हरवले. ब्रिटनमध्ये 1 कोटी 85 लाख लोक मध्यरात्र उलटली तरी टीव्हीसमोर बसून होते. पण त्या 35 फ्रेममध्ये शंभराचा एकही ब्रेक नव्हता. 2022 च्या एका जागतिक स्पर्धेत असे 109 ब्रेक झाले. आकडा डोळे दिपवणारा असला, तरी त्यात टेबलाचाही वाटा आहे. कापड पातळ झाले, टेबल खालून गरम ठेवले जाते, चेंडू सुळसुळीत धावतात. खिशाच्या तोंडाचेही महत्त्व कमी नाही. 1979 मध्ये जॉन स्पेन्सरने 147 केले, पण खिसे मापापेक्षा मोठे निघाल्याने ते विक्रमात धरले गेले नाही. टीव्हीचे कॅमेरेही नेमके त्या वेळी बंद होते!

खेळण्याची रीत मात्र खरोखर बदलली. पूर्वीचा खेळाडू सुटे लाल टिपून तीस-चाळीस गुण गोळा करी. घट्ट बसलेल्या लालांच्या घोळक्याला हात लावायची वेळ आली, की तो पांढरा चेंडू टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लपवून खुर्चीवर जाऊन बसे. नव्वदच्या दशकात स्टीफन हेंड्रीने ही सावध रीत मोडीत काढली. तो निळा चेंडू जोरात खिशात धाडी आणि त्याच फटक्यात पांढरा त्या घोळक्यात घुसवून लाल उधळून देई. निळा चुकला, तर सगळे टेबल प्रतिस्पर्ध्याला आंदण. बसला, तर फ्रेम तिथेच संपली. सातदा जगज्जेता झालेल्या हेंड्रीचे हे धाडस आज क्रमवारीतल्या साठाव्या खेळाडूलाही नित्याचे झाले आहे. दर्जा वाढणे म्हणतात ते हे.

तो किती वाढला हे पाहायचे, तर शिखराकडे पाहून भागत नाही, पायथा बघावा लागतो. जो डेव्हिसने 1927 ते 1946 या काळात पंधरा जागतिक विजेतेपदे मिळवली आणि तो त्या स्पर्धेत एकदाही हरला नाही. पण 1931 साली त्या ‘जागतिक’ स्पर्धेत खेळाडू होते दोन : एक डेव्हिस, दुसरा टॉम डेनिस. 1958 ते 1963 या काळात तर स्पर्धाच भरली नाही. डेव्हिसच्या कौशल्याबद्दल शंका नाही, पण त्याला घाम फोडायला होते कोण? याउलट रॉनी, जॉन हिगिन्स आणि मार्क विल्यम्स 1992 मध्ये व्यावसायिक झाले, तेव्हा शुल्क भरणाऱ्या प्रत्येकाला या खेळाची दारे नुकतीच उघडली होती. ब्लॅकपूलच्या पात्रता फेऱ्यांत शेकडो पोरे रांगेत उभी होती. रॉनीने तिथे पहिल्या 76 सामन्यांतले 74 जिंकले. ज्याला आज ‘जुने सोने’ म्हणतात, ते त्या झुंबडीत घासूनपुसून निघालेले आहे. 2025 मध्ये चीनच्या झाओ शिनतोंगने पात्रतेच्या चार फेऱ्या पार करून थेट जगज्जेतेपद गाठले. सामना-निश्चिती प्रकरणातली बंदी भोगून तो परतला होता, हा डाग खराच. पण त्याच्यामागे चीनमधल्या पोरांची मोठी फळी उभी आहे, हेही तितकेच खरे.

यात आपल्यासाठी धडा आहे. हा खेळ जन्मला 1875 मध्ये, जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये. पुण्यात जन्मलेल्या पंकज अडवाणीच्या जागतिक विजेतेपदांची आपण कौतुकाने उजळणी करतो आणि ते कौतुक रास्तच आहे. पण व्यावसायिक सर्किटवर तो दोन मोसमच रमला. मुंबईच्या आदित्य मेहताने 2013 मध्ये दिल्लीतल्या इंडियन ओपनची अंतिम फेरी गाठली, तिथे चीनच्या डिंग जुनहुईने त्याला 5-0 असे हरवले. क्रमवारीच्या स्पर्धेत अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय. एखाद-दुसऱ्या गुणी खेळाडूच्या जिवावर विक्रम होतात, दर्जा उभा राहत नाही. त्याला टेबलापाशी ताटकळणारी शंभर पोरे लागतात. मुंबई-पुण्याच्या जिमखान्यांनी सभासदत्वाची अट बाजूला ठेवून दुपारची रिकामी टेबले शाळकरी मुलांना खुली करावीत. अडवाणीचा सत्कार करण्याची याहून चांगली रीत नाही.