‘विचारविनिमय’ कोणाला परवडतो?

अमेरिकेच्या केंद्र सरकारने ५ जानेवारी २०२६ रोजी बालकांच्या लसीकरणाचे नवे वेळापत्रक जाहीर केले आणि मेंदूच्या आवरणाचा दाह करणाऱ्या मेनिंगोकॉकस जंतूवरील लस सर्व किशोरांसाठीच्या सरसकट शिफारशीतून काढली. धोका अधिक असलेल्यांनी ती घ्यावी, इतरांनी डॉक्टरांशी विचारविनिमय करून ठरवावे! निवडीचे स्वातंत्र्य म्हणून याचे समर्थन झाले.

रोग विरळ आहे, हे खरे. २०२४ मध्ये त्या अवाढव्य देशात पाचशेच्या आसपास रुग्ण नोंदले गेले. तथापि उपचार होऊनही शंभरातले दहा ते पंधरा दगावतात. वाचलेल्यांतील कित्येकांची श्रवणशक्ती वा हातपाय जातात. सकाळी ताप आलेला मुलगा दुसरा दिवस पाहीलच, याची शाश्वती नसते. म्हणूनच २००५ पासून अकराव्या-बाराव्या वर्षी एक मात्रा आणि, तिचे संरक्षण ओसरते असे दिसल्यावर, सोळाव्या वर्षी दुसरी, असा क्रम बसला होता. बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकन अकादमीने आपल्या वेळापत्रकात तो कायम ठेवला.

यावर आमचे काही मित्र म्हणतील की, डॉक्टरांच्या मतांच्या पाहण्यांना पैसा लसकंपन्याच पुरवतात. आक्षेप रास्त आहे. अशा पाहण्या मीही संशयानेच वाचतो. परंतु येथे मतांवर विसंबण्याचे कारणच नाही. याच जंतूच्या ‘बी’ प्रकारावरील लस पूर्वीपासूनच विचारविनिमयावर सोडलेली होती. सरसकट शिफारशीच्या लसीची पहिली मात्रा सुमारे ९० टक्के किशोरांना मिळाली. ‘बी’ची लस सतरा वर्षांच्या मुलांपैकी जेमतेम एक तृतीयांशांना. डॉक्टर तेच, मुले तीच, फरक व्यवस्थेचा.

विम्याचे संरक्षण चालूच राहील, असे सरकारने सांगितले. पण किंमत केवळ पैशांत मोजली जात नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही जाणतो. तासावर मजुरी करणाऱ्या आईने रजा कोठून आणावी, कोणत्या डॉक्टराशी निवांत चर्चा करावी? सुस्थित घरातील मुलाला लस मिळेलच. सार्वजनिक कर्तव्याचे खासगी निवडीत रूपांतर झाले की गाळले कोण जाते, हे कार्यकर्त्यांना सांगायला नको.

कंपन्यांच्या नफेखोरीला उत्तर आहे. मात्र ते लस काढून घेणे नव्हे. ब्रिटनमध्ये तज्ज्ञ समितीने २०१४ मध्ये ‘बी’ची लस अर्भकांना द्यावी, पण परवडेल अशा किमतीलाच, असे बजावले. सरकारने कंपनीशी घासाघीस केली आणि सप्टेंबर २०१५ पासून ती प्रत्येक अर्भकाला मोफत मिळू लागली.