गाडी महिलांसाठी धावली, घरातल्या वेळेचं काय?

वसईतल्या पापडीहून मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्या महिला बस किंवा रिक्षाने वसई रोड स्टेशन गाठतात आणि लोकल पकडतात. पश्चिम रेल्वेने 5 मे 1992 रोजी चर्चगेट-बोरिवली मार्गावर पहिली महिला विशेष लोकल सोडली. 1993मध्ये ती विरारपर्यंत आली. प्रवास थोडा सुकर झाला, पण गाडी गाठण्याआधीची कामं तशीच राहिली.

ती किती असतात? केंद्र सरकारच्या 2024च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार, देशात घरकाम करणाऱ्या महिला त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटं देतात. घरकाम करणारे पुरुष 88 मिनिटं. फरक तब्बल 3 तास 21 मिनिटांचा.

याचा थेट परिणाम कमाईवर होतो. जास्त पगाराची, पण दूरची नोकरी स्वीकारायची की नाही, हे घरातून किती वाजता निघता येतं त्यावर ठरतं. म्हणून महिला दिनाच्या शुभेच्छांपेक्षा घरातल्या पुरुषाने डबे भरणं किंवा मुलांना शाळेत सोडणं यातलं एक काम कायमचं स्वतःकडे घेणं जास्त मोलाचं. त्यातून वाचलेली मिनिटं तिला रोज मिळतात, आणि दोन पगारांचा आधार दोघांनाही.