संग्रहालये आणि आपला व्यापारी समाज

आपल्या संघाच्या स्मरणिकेत दरसाल बाजारभाव, करपद्धती, बाजार समितीचे नियम यांविषयी जाणकार मंडळी लिहितात. यंदा थोड्या निराळ्या विषयावर लिहिण्याची मी अनुज्ञा मागतो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि सारे आयुष्य धान्याच्या पेढीवर गेलेले. इतिहास हा माझा प्रांत नव्हे. तथापि जे स्वतःच्या हातून घडले आणि ज्याची पुढे लाज वाटली, ते सांगावयास विद्वत्ता लागत नाही.

पंधराएक वर्षांपूर्वी पेढीच्या माळ्याची साफसफाई काढली होती. वडिलांच्या वेळची शेर, अडशेरी, पायली अशी पितळी मापे निघाली. १९५६ सालच्या कायद्याने दशमान वजनमापे आली आणि पुढे ही मापे हळूहळू अडगळीत गेली. मी ती मोडवाल्यास वजनावर देऊन टाकली. माप वजनावर विकले, यातील विनोद त्या वेळी ध्यानी आला नाही! मोडी लिपीतील चोपड्यांची दोन पोती भरली, तीही रद्दीत गेली. कारण एकच. घरात ती वाचणारा कोणी उरला नव्हता.

पुढे नातवंडांसह पुण्यास राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहण्याचा योग आला. दिनकर केळकर यांनी जन्मभर गोळा केलेले अडकित्ते, दिवे, दौती अशा घरगुती वस्तूंचे ते भांडार १९७५ साली त्यांनी शासनाच्या स्वाधीन केले. थोरल्या नातवाने सहज विचारले, "आजोबा, आपल्या दुकानातल्या अशा वस्तू कुठे ठेवल्यात?" मी उत्तर दिले नाही. तेथे जे मांडले होते तसलेच आपल्याकडेही होते, आणि मी ते मोडीत घातले होते.

संग्रहालय म्हणजे जुन्या वस्तूंची बंद कपाटे, ही आपली समजूत आता सोडून द्यावयास हवी. १८ मे हा जागतिक संग्रहालय दिन १९७७ पासून पाळला जातो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून प्रदर्शन मांडलेली मोटारगाडीच शाळांकडे व गावोगावी धाडण्यास आरंभ केला. जे गिऱ्हाईक पेढीवर येत नाही, त्याच्या दारी माल नेणे आपणांस नवे नाही. व्याख्याने, मुलांसाठी चित्रकलेचे वर्ग, मातीकामाची प्रात्यक्षिके, मोडी वाचनाचे वर्ग असे कार्यक्रम लहानमोठी संग्रहालये योजीत असतात. त्यांना उणीव असते ती श्रोत्यांची. एका गावच्या संग्रहालयात जुन्या नाण्यांवरील व्याख्यानास मी गेलो होतो. वक्ता विद्वान, विषय रसाळ; श्रोते अकरा, त्यांतील पाच तेथलेच नोकर. त्याच सायंकाळी शेजारच्या मंगल कार्यालयात आपल्याच एका व्यापारी बंधूंच्या घरचे स्वागत-भोजन होते. तेथे बाराशे पाने उठली. स्वागत-भोजनाला माझी हरकत नाही. मीही व्याख्यान आटोपून तेथेच जेवलो.

आपल्या भागाला सर्वांत जवळचे मोठे संग्रहालय म्हणजे कोल्हापूरचे टाऊन हॉल. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनी १९४५-४६ साली उत्खनन केले. ब्रह्मपुरीच्या वस्तू तेथे ठेवलेल्या आहेत. त्यांत ग्रीकांच्या समुद्रदेवतेची ब्राँझची एक छोटी मूर्ती आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ती सातासमुद्रांपलीकडून घाट चढून येथे आली. ती कोणी आणली हे मूर्ती सांगत नाही. पण माल घेऊन हिंडणाऱ्याखेरीज दुसरा कोण आणणार, असे माझे व्यापारी मन म्हणते. आबालाल रहिमान यांची चित्रेही तेथेच पाहावयास मिळतात. निपाणीहून तेथवरचा रस्ता तासाभराचा. कामानिमित्त आपण महिन्यातून चार वेळा कोल्हापूरला जातो. त्या इमारतीची पायरी किती जणांनी चढली असेल?

"हे काम सरकारचे, आपले नव्हे," असे काही बंधू म्हणतील. त्यांस बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीची आठवण द्यावीशी वाटते. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने सन १२०४ च्या सुमारास येथे जिनालय उभारले. त्या जिनालयास मिळालेल्या दानांचे दोन कन्नड शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. वेणुग्राम म्हणजे बेळगाव येथील व्यापाऱ्यांनी, त्यांत लाट देशाचे व मलयाळ प्रांताचे व्यापारीही होते, एकत्र बसून बाजारातील मालावर ठराविक हिस्सा देवालयासाठी लावून दिल्याची नोंद त्यांत आहे. राजाने दान दिलेच; पण व्यापाऱ्यांनी राजाच्या तोंडाकडे पाहत बसण्याचे कारण मानले नाही. आपल्या पूर्वसूरींचा हा ठराव वाचावयाचा तर आज आपणांस विलायतेस जावे लागते. दगड जातो तसा कागदही जातो. कागदाला तर साहेब लागत नाही, रद्दीवाला पुरतो.

दुसरी अडचण सांगण्यात येते ती सरहद्दीची. १९५६ साली राज्यांच्या सीमा बदलल्या, त्यावरून आजवर पुष्कळ बोलले गेले आहे. येथे त्यात शिरत नाही. एवढेच म्हणतो की निपाणीच्या देवचंदजी शहा यांनी १९६१ साली महाविद्यालय काढले ते निपाणीस लागून, परंतु महाराष्ट्राच्या हद्दीत, अर्जुननगर येथे. दोन्हीकडची मुले तेथे शिकत आली. शिलालेख कन्नड आणि चोपडी मोडीतील मराठी, दोन्ही आपल्याच पेठेची.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे माझे मागणे असे आहे. येत्या १८ मे रोजी सभासदांच्या कुटुंबांसाठी कोल्हापूरची एक सहल काढावी. मुलांना सुट्टी असते आणि रब्बीचा मालही बहुतेक येऊन गेलेला असतो. तेथील अधिकाऱ्यांस आधी पत्र लिहून माहिती सांगणारा जाणकार मागून घ्यावा. नाहीतर अर्ध्या तासात सगळे बाहेर येऊन मिसळीची चौकशी करतील. वार्षिक सभेच्या वेळी सभागृहात प्रत्येक पेढीने एकेक जुनी वस्तू मांडावी: तराजू, माप, शिक्का, दौत, चोपडी, जे उरले असेल ते. कागद कसरीपासून कसा राखावा हे सांगावयास संग्रहालयाचा एखादा माणूस बोलवावा. त्याचा प्रवासखर्च व मानधन संघाने द्यावे. ही रक्कम हारतुऱ्यांच्या खर्चापेक्षा अधिक होणार नाही असा माझा अदमास आहे.

माझ्याकडे आता एक अडशेरी व तीन चोपड्या उरल्या आहेत. त्या वेळी पोत्यात मावल्या नाहीत म्हणून वाचल्या. पहिल्या टेबलावर त्या मांडाव्यात. एकीच्या पहिल्या पानावर श्रीकारानंतर काय लिहिले आहे हे मोडी जाणणाऱ्याने मला वाचून दाखवावे.