फुटक्या काचेचे मोल

चेंडू लागून खिडकीची काच फुटली की आपण तिचे तुकडे केरात टाकून मोकळे होतो. फुटलेल्या काचेला किंमत नाही, अशी आपली समजूत असते. माझ्या मते ही समजूत चुकीची आहे. इतकेच नव्हे, तर ती दुसऱ्याला इजा करणारी आहे.

मुलांनो, काच कशी तयार होते ते पाहा. तिचे मूळ द्रव्य म्हणजे शुद्ध, पांढरी वाळू. नुसती वाळू वितळवायची तर सुमारे १७०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. तीत सोडा मिसळला, म्हणजे ती कमी उष्णतेत वितळते. परंतु अशी काच पाण्यात टिकत नाही. म्हणून चुनखडीची जोड द्यावी लागते. हे मिश्रण भट्टीत वितळून मधासारखे दाट झाले, की त्याला आकार देतात. मग ते हळूहळू निववतात. घाई केली तर काच तडकते.

या मिश्रणात फुटक्या काचेचा चुरा घातला, तर ते लवकर वितळते आणि इंधन वाचते. काच पुनःपुन्हा वितळवली, तरी तिचा गुण उणा होत नाही. मग तिला टाकाऊ का म्हणावे?

कोणी म्हणेल, “चार तुकड्यांनी असे काय होणार?” त्याने तळेगाव दाभाडे आठवावे. स्वदेशी उद्योगांसाठी प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा, अशी कल्पना अंताजी दामोदर काळे यांनी मांडली. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. अशा पैशापैशाने उभ्या राहिलेल्या ‘पैसा फंडा’तून १९०८ साली तेथे काचेचा कारखाना निघाला. एका पैशाला तरी वेगळी अशी काय किंमत होती?

आणि काचेची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवली, तरी माणसाची गोष्ट उरतेच. आपण केरात टाकलेला तुकडा नाहीसा होत नाही. तो केर उचलणाऱ्याच्या बोटात शिरतो. त्या हाताला पुष्कळदा हातमोजाही नसतो. त्याची जखम आपल्याला दिसत नाही, म्हणून आपला दोष कमी होत नाही.

यास्तव फुटकी काच मोठ्यांच्या मदतीने जपून उचलावी, जाड कागदात गुंडाळावी, वर ठळक अक्षरांत ‘काच’ असे लिहावे आणि ती वेगळी ठेवावी. काच घेणारा भंगारवाला मिळाल्यास त्याला द्यावी. एवढ्याने भट्टीचे इंधन वाचेल आणि कष्टकऱ्याचा हातही वाचेल.