‘चालु’ आणि ‘चालू’

परभाषेच्या अध्यापकाची कुचंबणा पाहावयास सातासमुद्रापार जावे लागत नाही. आदिलाबाद जिल्ह्यात, भीमपूरकडे, कित्येक घरांत मराठीच बोलली जाते. १९५६ साली हा मुलूख आंध्र प्रदेशात गेला, २०१४ साली तेलंगणात आला; २०१८ च्या कायद्याने शाळांत तेलुगू सक्तीची झाली. तेथे नेमलेला तेलुगू शिक्षक आपल्याच राज्यात परदेशी ठरतो! तो ‘चालु’ म्हणतो, म्हणजे ‘पुरे’. मराठी पोर ‘चालू’ समजून वाचीतच राहते. ‘तेलुगू’तील ‘ते’ मुळी ऱ्हस्व. तसला ‘ए’ लिहावयास आमच्या बाराखडीत अक्षरच नाही. गुरुजी चिडतात, पोर हिरमुसते, आणि घरी जाऊन ‘मला भाषा येत नाही’ म्हणते. वाचकहो, गुरुजींनी त्याच पोराकडून ‘पुरे’ एवढा एक शब्द उचलला, तरी निम्मी चिडचिड वाचेल.