पाहुण्यांविना आरोग्यसोहळा

सप्टेंबर उजाडला की शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर परिपत्रकांची रीघ लागते. राष्ट्रीय पोषण महिना याच महिन्यात येतो. त्याचा मुख्य रोख अंगणवाड्यांवर असला, तरी शाळाही त्यात ओढल्या जातातच. पुढे १५ ऑक्टोबरला जागतिक हात धुणे दिन. त्याच दिवशी कलामांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिनही असतो, म्हणजे गुरुजींनी एका हातात साबण आणि दुसऱ्या हातात पुस्तक घेऊनच उभं राहायचं! फेब्रुवारीत जंतनाशक गोळी. प्रत्येक दिवसाचा अहवाल निराळा, पण ‘छायाचित्रांसह सादर करावा’ ही शेवटची ओळ सगळीकडे तीच.

एवढं सगळं होऊनही आरोग्य म्हटलं की पोरांना आठवतं ते उन्हात बसून ऐकलेलं भाषण. फ्लेक्स, हार, दीपप्रज्वलन आणि मग ‘बालमित्रांनो, हिरव्या पालेभाज्या खा’. एखादी शाळा या वर्षी मनापासून आरोग्यसोहळा करू पाहत असेल, तर मी म्हणेन की पाहुणा बोलवूच नका आणि आखणीचं काम तिसरी-चौथीच्या मुलांकडे सोपवा. मुलांनी ‘भाग घेणं’ वेगळं. मी म्हणतोय ते असं, की मोजमाप, हिशेब, वेळापत्रक सगळं त्यांनीच करायचं. गुरुजी-बाईंनी मागे उभं राहायचं आणि शक्य तितकं गप्प बसायचं. हे दुसरं काम जास्त अवघड आहे, याची मला कल्पना आहे.

सुरुवात नळापासून करावी. साबण लावून किमान वीस सेकंद हात चोळायचे, हे आता पहिलीच्या पोरालाही पाठ आहे. पण साठ पटाच्या शाळेत नळ एकच असेल तर? साठ गुणिले वीस, बाराशे सेकंद, म्हणजे वीस मिनिटं फक्त हात धुण्यात. त्यात ढकलाढकली आणि पाणी उडवणं धरलेलं नाही. हा गुणाकार चौथीतल्या मुलीने फळ्यावर मांडला की जेवणाआधी अर्धी शाळा नुसती बोटं ओली करून का पळते, ते कुणी वेगळं सांगायला नको. मग उपायही मुलंच शोधतील. पाच लिटरच्या कॅनला भोक पाडून, दोरी बांधून, पायाने दाबायची काठी लावली की दुसरा नळ तयार. साबण जुन्या मोज्यात घालून टांगला की चिखलात पडत नाही आणि दप्तरातून घरीही जात नाही. सोहळ्याच्या दिवशी हाताला तेल आणि हळद चोळून आधी नुसत्या पाण्याने, मग साबणाने धुऊन बघायचं. नखांच्या कडेला राहिलेला पिवळा रंग जे सांगतो ते कुठल्याही तक्त्याहून बरं.

दुसरी जागा स्वयंपाकघर. शालेय पोषण आहाराची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. तेव्हा हजेरी पाहून महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. आजच्या कित्येक पालकांना ती तांदळाची पिशवी आठवत असेल. शिजवलेलं अन्न द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला आणि मग शाळाशाळांत चूल पेटली. पहिली ते पाचवीच्या मुलामागे शंभर ग्रॅम धान्य, वीस ग्रॅम डाळ, पन्नास ग्रॅम भाजी आणि पाच ग्रॅम तेल असा हिशेब असतो. त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत ही अपेक्षा. हे आकडे भिंतीवर रंगवलेले असतात, पण वीस ग्रॅम डाळ म्हणजे केवढी, हे किती मुलांनी पाहिलंय? तराजू आणा, त्यांना तोलू द्या. साठ जणांना भाजी लागते तीन किलो. ती परसबागेतून आणायची ठरली तर मेथी महिनाभर आधी पेरावी लागेल, म्हणजे सोहळ्याची तयारी आपोआप महिनाभर आधी सुरू होते. पाणी घालायच्या पाळ्या लागतात, शेळीपासून वाफा राखावा लागतो. स्वतः पेरलेली मेथी खिचडीत पडली तर ती ताटाच्या कडेला सारणारी मुलं कमी असतील, असं मला वाटतं.

आणि त्या दिवशी व्यासपीठावर कुणाला बसवायचंच असेल, तर रोज एवढं रांधणाऱ्या स्वयंपाकी ताईंना बसवा. तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या या बाईला भाजी कापता कापता जे कळतं, कोण दुसऱ्यांदा वाढून घेतो, कोण सोमवारी जास्त जेवतो आणि का, ते आहारतज्ज्ञाच्या भाषणात येत नाही.

काही गोष्टी मात्र सोहळ्यातून ठामपणे वगळाव्यात. वजनकाटा चारचौघांत आणू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा तपासणीला येतं, वजन-उंची तिथे व्हावी आणि कागदावरच राहावी. मोठ्याने वाचलेला आकडा मुलाला पुढची सहा वर्षं टोपणनाव म्हणून चिकटतो. डब्यांची झडतीही नको. डब्यात चहा-बिस्किट आहे की भाकरी, हे आठ वर्षांच्या पोराने ठरवलेलं नसतं. पहाटे उसाच्या फडात गेलेल्या आईला ‘पौष्टिक डबा’ या विषयावर गुण देणारे आपण कोण?

त्यापेक्षा मुलांना फाटकाबाहेर न्या. जास्त साखर, मीठ आणि चरबीचे पदार्थ शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत विकू नयेत, त्यांची जाहिरातही करू नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. पन्नास मीटर म्हणजे किती, ते सुतळीने मोजायचं आणि नकाशा काढायचा. आत किती दुकानं येतात आणि त्यांच्या दारात कुठली पाकिटं लटकतात, ते नोंदवायचं. नकाशा घेऊन टपरीवाल्या काकांवर मोर्चा काढायचा नाही हं! त्यांचं पोर बहुधा त्याच शाळेत असतं. नकाशा ठेवायचा शाळा व्यवस्थापन समितीपुढे, कारण नियम पाळला जातो की नाही हे पाहणं मोठ्यांचं काम आहे. काकांना एवढंच विचारावं की फुटाणे, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू पुढच्या फळीवर मांडाल का?

खेळांसाठी मात्र फार डोकं चालवायची गरज नाही. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर दमसास लागेल असं हुंदडावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लंगडी, लगोरी, आट्यापाट्या यांत तो तास कधी सरतो ते कळत नाही, आणि साहित्य म्हणाल तर फरशीचे तुकडे आणि एक चेंडू. फक्त स्पर्धा लावून पहिल्या फेरीत बाद झालेल्यांना तासभर बाकड्यावर बसवू नका, कारण ज्यांना धावायची सगळ्यात जास्त गरज असते तेच आधी बाद होतात.

शेवटी खाऊ. सोहळा नवरात्राच्या सुमारास आला तर भोंडला हाताशी आहेच. फेर धरा, मुलींबरोबर मुलांनाही धरू द्या आणि झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायला लावा. मटकीची उसळ, ज्वारीच्या लाह्या, नाचणीचे लाडू, काकडीची कोशिंबीर. तिखट का गोड, कोरडं का ओलं, असे अंदाज बांधत पोरं जेवढ्या पदार्थांची नावं घेतात तेवढी कुठल्याच तक्त्यावर नसतात. खिरापत कोणत्या वर्गाने करायची, याची चिठ्ठी मात्र आठवडाभर आधी टाकावी, नाहीतर सगळेच चुरमुरे आणतात.

खर्च विचाराल तर साबण, सुतळी, मेथीचं बी आणि खिरापत, एवढाच. फ्लेक्सचे पैसे वाचतातच, ते व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत दुसऱ्या नळासाठी मागून घ्यावेत. अर्ज चौथीच्या वर्गाने लिहावा आणि सोबत बाराशे सेकंदांचा हिशेब जोडावा.